भीती चढाची, धोका वेगाचा

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एअरशर परगण्यात, डुन्यूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथून समुद्राच्या कडेने दक्षिणेला निघाले की थोड्या वेळाने एक चमत्कारिक रस्ता लागतो. समोर उतार दिसत असतो, पण सायकलस्वाराला पेडलवर जोर द्यावा लागतो. उलट दिशेने येणाऱ्याला समोर चढ दिसतो आणि सायकल मात्र आपोआप पुढे सरकते. या रस्त्याचे नाव 'इलेक्ट्रिक ब्रे'. ब्रे म्हणजे तिकडच्या बोलीत टेकडीचा उतार. जमिनीत वीज किंवा चुंबकासारखे काहीतरी असावे आणि ते वाहनांना ओढत असावे, असा जुन्या लोकांचा समज होता. त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात तिथे वीजही नाही आणि चुंबकही नाही. दोन्ही बाजूंच्या जमिनीची ठेवण अशी आहे की डोळा फसतो आणि मेंदू चढाला उतार समजतो. खरा चढ अगदी किरकोळ आहे, दर ८६ मीटरला एक मीटर. रस्त्याच्या कडेला एका दगडावर हा खुलासा कोरून ठेवला आहे. तो वाचल्यावरही डोळ्यांचा भ्रम जात नाही, ही त्यातली खरी गंमत.

इलेक्ट्रिक ब्रे हा अपवाद झाला, पण चढ जोखण्यात आपण सगळेच कच्चे असतो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून चढ किती अंशांचा आहे ते सांगा, असे लोकांना विचारले, तेव्हा ५ अंशांचा चढ त्यांनी २० अंशांच्या आसपास सांगितला आणि १० अंशांचा ३० अंशांच्या आसपास. म्हणजे चढ असतो त्याहून कितीतरी उभा दिसतो. या भ्रमाचा एक परिणाम असा की सायकल घेऊन डोंगराळ मुलखात जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'चढ झेपेल का? छातीवर ताण येईल का?' रस्त्यावर गाड्या किती आणि किती वेगाने धावतात, हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाही.

स्कॉटलंडच्या किनारी आणि डोंगरी रस्त्यांचे उदाहरण घेऊन मला हेच म्हणायचे आहे की आपण प्रश्नांचा क्रम उलटा लावला आहे. चढ हा आरोग्याचा मित्र आहे, त्याच्याशी कसे वागायचे ते आपल्या हातात असते. मागून येणाऱ्या गाडीचा वेग आपल्या हातात नसतो. तो ज्यांच्या हातात आहे, त्यांनी तो कमी करायला हवा.

गुरांची खिंड

ब्रिटनमधल्या सायकलस्वारांमध्ये सर्वाधिक दरारा असलेल्या चढांपैकी एक स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. त्याचे गेलिक नाव 'ब्यालाख ना बा', म्हणजे गुरांची खिंड. पूर्वी याच वाटेने गुरे बाजाराला हाकत नेत. १८२२ मध्ये इथे रस्ता झाला. टॉर्नाप्रेसपाशी जवळपास समुद्रसपाटीला सुरू होणारा हा रस्ता सुमारे ९ किलोमीटरमध्ये ६२६ मीटर उंची गाठतो आणि पलीकडे अ‍ॅपलक्रॉस या किनाऱ्यावरच्या गावात उतरतो. माथ्याजवळ आपल्या घाटांसारखी नागमोडी वळणे आहेत. चढ सरासरी ७ टक्क्यांचा, काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत. १९७० च्या दशकात शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत अ‍ॅपलक्रॉसला जमिनीवरून जायला हीच वाट होती आणि बर्फ पडला की तीही बंद व्हायची.

इथे टक्के आणि अंश यांतला फरक लक्षात घेऊ. २० टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर वीस मीटर वर. कोनात मोजला तर तो ११ अंशांपेक्षा थोडाच जास्त भरतो. कागदावर आकडा लहान वाटतो, पण मांड्यांना तो चांगलाच जाणवतो.

आता या चढाचे गणित मांडू. सायकलस्वार ७२ किलोचा, सायकल आणि सामान मिळून १३ किलो, एकूण ८५ किलो. एवढे वजन ६२६ मीटर वर न्यायला सुमारे ५२० किलोज्यूल काम करावे लागते. स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामात आणतात, उरलेल्याची उष्णता होते आणि घाम फुटतो. म्हणजे शरीराला या चढासाठी सुमारे पाचशे किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. पोटभर जेवणाच्या एका ताटाचा हा हिशेब झाला. हा खर्च तरुणाला आणि प्रौढाला, हळू जाणाऱ्याला आणि घाई करणाऱ्याला जवळजवळ सारखाच.

फरक पडतो तो दराने. हाच चढ तासाभरात चढायचा तर शरीराला फक्त उंची गाठण्यासाठी सरासरी १४५ वॅट शक्ती द्यावी लागते. दीड तास घेतला तर ९७ वॅट पुरतात. सायकल हातात धरून, चालत, दोन तासांत माथा गाठला तर ७२ वॅटमध्ये काम होते. नियमित व्यायाम नसलेल्या पण निरोगी माणसाला १४५ वॅट तासभर टिकवणे जड जाईल, ७२ वॅट जमून जाईल. डोंगर तोच, खर्च तोच, पण हृदयावरचा भार निम्मा. कर्ज तेवढेच असले तरी हप्ता किती ठेवायचा हे आपण ठरवू शकतो, तसेच हे.

हा हप्ता कमी करण्याचे साधन म्हणजे गिअर. मागच्या चाकावर मोठी दातेरी चकती आणि पुढे लहान, अशी जोडी असली की पाय हलके फिरतात आणि सायकल चालण्याच्या गतीने वर जाते. तरी २० टक्क्यांच्या तुकड्यात ताशी ६ किलोमीटरच्या गतीलाही सुमारे २७० वॅट लागतात. तिथे सरळ उतरून सायकल ढकलावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट एक फायदाच आहे. सायकलवर शरीराचे वजन सीटवर असते, हाडांवर येत नाही, त्यामुळे हाडे बळकट करण्यात सायकल कमी पडते. चालताना ही उणीव थोडी भरून निघते.

वाऱ्याची टेकडी

चढाला घाबरणारे लोक समुद्रकाठचा सपाट रस्ता सोपा समजतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो. हेब्रिडीज बेटांच्या माळेतून जाणारा 'हेब्रिडियन वे' हा सायकलमार्ग २०१६ मध्ये सुरू झाला. दक्षिणेच्या वॉटर्से बेटापासून उत्तरेला लुईस बेटाच्या टोकावरच्या दीपगृहापर्यंत तो २९७ किलोमीटर जातो आणि दहा बेटे जोडतो. काही बेटांमध्ये समुद्रात भराव घालून रस्ता केला आहे, दोन ठिकाणी बोट घ्यावी लागते. दक्षिणेकडच्या बेटांवर रस्ता बराच सपाट आहे, एका बाजूला पांढरी वाळू आणि दुसऱ्या बाजूला गवताळ माळ. पण झाडे जवळपास नाहीत आणि वारा अटलांटिकवरून थेट येतो.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात आहात आणि समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने तुमचा वेग ४० झाला. वारा नसताना हवा जेवढी अडवते, त्याच्या सातपट अडथळा आता होतो. एवढी शक्ती साध्या टेकडीलाही लागत नाही. शिवाय टेकडीला माथा असतो, पलीकडे उतार असतो. समोरचा वारा संध्याकाळपर्यंत संपत नाही. म्हणूनच हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे करावा असे सांगतात, कारण तिथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि पाठीवर राहतो. नकाशावर उंचीच्या रेषा पाहणाऱ्याने वाऱ्याची दिशाही पाहावी.

आणि वर गेलेल्याला खाली यायचे असते. चढताना कपडे घामाने भिजतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे ब्यालाख ना बाच्या माथ्यावर किनाऱ्यापेक्षा चार अंश गारवा जास्त. त्यात उतारावरचा वारा. ओले कपडे आणि वारा मिळून अर्ध्या तासात हात इतके बधिर करतात की ब्रेक नीट दाबता येत नाही. म्हणून माथ्यावर फोटो काढण्याआधी कोरडे, वारा अडवणारे जॅकेट अंगावर चढवावे. उतारावर चढापेक्षा जास्त सावध राहावे लागते, हे घाटात सायकल चालवलेल्या कुणालाही पटेल.

निम्मा आणि दुप्पट

एवढा खटाटोप कशासाठी करायचा? याचे उत्तर द्यायला स्कॉटलंडमधल्याच संशोधकांनी मोठे काम केले आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या २ लाख ६३ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यांनी सुमारे पाच वर्षे पाहिली. मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याची जोखीम ४१ टक्क्यांनी कमी आढळली आणि हृदयरोग होण्याची ४६ टक्क्यांनी.

२०२४ मध्ये दुसरा अभ्यास आला, तो फक्त स्कॉटलंडमधल्या लोकांचा. ८२ हजारांहून अधिक लोकांचा माग २००१ पासून १८ वर्षे ठेवला गेला. सायकलने कामावर किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूची जोखीम ४७ टक्क्यांनी कमी होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. मानसिक आजारांवरची औषधे लिहून दिली जाण्याचे प्रमाणही २० टक्क्यांनी कमी होते. पण त्याच अभ्यासात एक आकडा उलट्या दिशेचा होता. रस्त्यावरच्या अपघातामुळे रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम सायकलस्वारांमध्ये दुप्पट होती.

हे दोन्ही अभ्यास निरीक्षणावर आधारलेले आहेत. सायकल चालवणारे मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता असते, संशोधकांनी वय, धूम्रपान किंवा जुने आजार यांसारख्या गोष्टींचा हिशेब धरला तरी ती पूर्ण पुसली जात नाही. शिवाय ते रोजच्या ये-जा करण्याचे अभ्यास आहेत, सुट्टीतल्या सहलीचे नाहीत. आठवडाभर स्कॉटलंडमध्ये सायकल फिरवून आयुष्य वाढत नाही. वाढतो तो उत्साह, आणि घरी परतल्यावर सायकल रोज बाहेर काढली तरच त्याचा उपयोग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सांगते, तो दर आठवड्याला.

तरीही ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शरीराच्या आतून येणारा धोका सायकल जवळजवळ निम्म्यावर आणते. बाहेरून, रस्त्यावरून येणारा धोका दुप्पट होतो. एकूण गोळाबेरीज सायकलच्या बाजूनेच आहे, याविषयी शंका नको. पण ज्या यंत्रापासून एवढा लाभ होतो, ते वापरणाऱ्याने दुसऱ्या कुणाच्या घाईची किंमत का मोजावी? चढामुळे हा दुसरा आकडा वाढलेला नाही. सायकल आणि मोटार एकाच पट्ट्यात आणून सोडल्यामुळे तो वाढला आहे.

एक दरी, दोन वाटा

हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते ग्लेन ओगल या दरीत. लॉकअर्नहेड ते किलिन या दोन गावांमधली ही डोंगरी दरी. तिच्यातून ए-८५ हा हमरस्ता जातो. समोरच्या डोंगराच्या कुशीतून पूर्वी रेल्वे जात असे. ती बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता राष्ट्रीय सायकल जाळ्यातला ७ क्रमांकाचा मार्ग आहे. जुन्या दगडी कमानींच्या पुलावरून सायकल जाते. दरी तीच, डोंगर तेच, पाऊसही तोच. रेल्वेला उभा चढ चालत नाही, त्यामुळे तिची वाट मुळातच सौम्य. त्या वाटेवर आजोबा आणि नातू शेजारी शेजारी गप्पा मारत सायकल चालवू शकतात. खालच्या हमरस्त्यावर तोच नातू घेऊन जाण्याची हिंमत कुणी करणार नाही. दोन वाटांतला फरक चढाचा कमी आणि मोटारींचा जास्त आहे.

आता उत्तरेकडचे उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये इन्व्हर्नेसपासून सुरू होऊन उत्तर किनाऱ्याला वळसा घालून पुन्हा इन्व्हर्नेसला येणाऱ्या रस्त्यांना 'नॉर्थ कोस्ट ५००' असे एकच नाव मिळाले. सुमारे ८३० किलोमीटरचा हा फेरा जगभर गाजला. ब्यालाख ना बा त्यातच येते. हे रस्ते सायकलस्वारांना आधीपासून प्रिय होते, कारण तिथे वर्दळ नव्हती. नाव झाले आणि मोटारी, मोटारसायकली, राहण्याची सोय असलेल्या मोठ्या कॅम्परव्हॅन यांची रीघ लागली. यातले बरेच रस्ते एकपदरी आहेत, म्हणजे दोन्ही दिशांना मिळून एकच पट्टा, रुंदी सुमारे तीन मीटर. अधूनमधून एकमेकांना वाट देण्यासाठी थोडी रुंद जागा केलेली असते.

तीन मीटरच्या रस्त्यावर मोटारीने सायकलला ओलांडायचे म्हटले तर काय होईल? मोटार दोन मीटर रुंद. सायकलस्वाराला पाऊण मीटर लागतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीनुसार सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे. बेरीज झाली सव्वाचार मीटर. म्हणजे वाट देण्याच्या जागेखेरीज कुठेही ओलांडण्याची सोय या रस्त्यावर नाही. गाडीवाल्याने थांबावे आणि सायकलस्वारानेही पुढच्या रुंद जागी बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे, एवढाच मार्ग उरतो. स्थानिक लोक हे वर्षानुवर्षे पाळत आले आहेत, हात वर करून एकमेकांचे आभारही मानतात. सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला ही रीत ठाऊक असतेच असे नाही.

यावर कडी म्हणजे वेगमर्यादा. गावाबाहेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर मोटारींना सर्वसाधारण मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर आहे. वेगळी पाटी नसेल तर एकपदरी रस्त्यालाही तीच लागू होते. वळणावर कोणी त्या वेगाने जात नाही हे खरे, पण कायद्याने अडवलेलेही नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३२ किलोमीटरच्या तुलनेत ९६ ला वेग तिप्पट होतो आणि आघाताची ऊर्जा नऊपट. त्याच नियमावलीतले थांबण्याचे अंतर पाहा. ताशी ३२ किलोमीटरने जाणारी गाडी १२ मीटरमध्ये थांबते, ९६ ने जाणारीला ७३ मीटर लागतात. डोंगरी वळणावर ७३ मीटर पुढचे दिसते कुठे?

हेल्मेट घाला, हा यावरचा नेहमीचा सल्ला. जरूर घालावे. पण युरोपीय मानकानुसार सायकलचे हेल्मेट ताशी साधारण २० किलोमीटरच्या आघाताला तपासून घेतात. सायकलवरून पडण्यासाठी ते केलेले आहे. भरधाव मोटारीसमोर ते ढाल ठरेल अशी अपेक्षा करणे, म्हणजे जबाबदारी रस्त्यावरून काढून सायकलस्वाराच्या डोक्यावर ठेवणे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. उत्तरेकडच्या या भागात वस्ती विरळ आणि रोजगाराची साधने थोडी आहेत. पर्यटकांच्या गाड्यांमुळे खाणावळी, दुकाने आणि मुक्कामाची घरे चालतात. तिथल्या माणसाला दवाखाना किंवा शाळा गाठायलाही मोटारच लागते. त्यांना हळू चला म्हणणे शहरातून सोपे वाटते. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून मोटारी बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण दहा किलोमीटरचा एकपदरी रस्ता सलग ९६ ऐवजी ६४ च्या वेगाने कापला तर वेळ जास्त लागतो तो फार तर तीन-सव्वातीन मिनिटे, आणि वळणांमुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. तीन मिनिटांच्या बदल्यात आघाताची ऊर्जा निम्म्याहून खाली येते. या हिशेबात कोणाचा रोजगार बुडतो, ते मला दिसत नाही. उलट हळू फिरणारा पाहुणा जास्त ठिकाणी थांबतो आणि जास्त दिवस राहतो.

सायकल चालवणाऱ्यांच्या बाजूने स्कॉटलंडने केलेल्या गोष्टीही कमी नाहीत. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे बहुतेक जमिनीवरून, जबाबदारीने वागून, पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क दिला आहे. पश्चिमेच्या बेटांना जाणाऱ्या कॅलमॅक कंपनीच्या बोटींवर सायकलला भाडे नाही. ग्लासगो ते ओबान या रेल्वेमार्गावर २०२१ पासून वीस सायकली मावतील असे खास डबे काही गाड्यांना जोडले जातात. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट १८४५ मध्ये घेणारे रॉबर्ट विल्यम थॉमसन स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्टोनहेव्हनचे, आणि १८८८ मध्ये तोच शोध नव्याने लावून सायकलला जोडणारे जॉन बॉइड डनलॉप मूळचे एअरशरचे. यंत्र सुधारायचे तेवढे सुधारून झाले आहे. सुधारायचा राहिला आहे तो रस्ता. तरीही सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण या देशात शंभरात पाचाहूनही कमी आहे. सायकलसाठी रविवारची रम्य वाट आणि सोमवारी मोटारींचा रस्ता, अशी विभागणी राहिली तर आरोग्याचा लाभ थोड्याच लोकांच्या पदरात पडणार.

वाट निवडताना

महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली मुले आज एडिंबरा, ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्याकडे जाणारे आई-वडीलही आहेत. अशा कुणाला तिकडे सायकल चालवावीशी वाटली, तर वाटेचा क्रम वर्दळीवरून लावावा.

पहिली सायकल कम्ब्रे बेटावर. लार्ग्जहून बोटीने दहा मिनिटांत बेट येते. किनाऱ्याने जाणारा रस्ता सुमारे १६ किलोमीटरचा, जवळजवळ सपाट, आणि मोटारी मोजक्या. लहान मुलांसह अनेक कुटुंबे तिथे येतात, मिलपोर्ट गावात सायकल भाड्याने मिळते. ते जमले की अ‍ॅरन बेट. त्याचा पूर्ण फेरा सुमारे ९० किलोमीटरचा, उत्तरेला लॉक्रान्झाच्या पुढे एक मोठा चढ आणि दक्षिणेला छोट्या चढ-उतारांची रांग. एका दिवसात करण्याचा हट्ट नको, दोन दिवस घ्यावेत. अधिक हौस असेल तर आर्ड्रॉसनहून निघून अ‍ॅरन, किंटायर, काउल आणि ब्यूट असे पाच बोटींनी जोडलेले वर्तुळ आहे. बोटीत बसायला मिळते, तेवढीच पायांना विश्रांती. कॅम्पबेलटाउन ते इन्व्हर्नेस हा सुमारे ३८० किलोमीटरचा 'कॅलेडोनिया वे' त्यानंतरचा. त्यातही बंद पडलेल्या रेल्वेच्या आणि कालव्याच्या काठच्या वाटा निवांत आहेत. ब्यालाख ना बाला जायचेच असेल तर ऐन हंगामातली दुपार टाळून पहाटे निघावे. जूनमध्ये तिकडे सुमारे अठरा तास उजेड असतो, लवकर निघायला अडचण नाही.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतात, हे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांमध्येही दिसून आले आहे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर, चढाच्या सहलीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि दोन-तीन महिने नियमित सायकल चालवावी. कधी न हलणाऱ्या माणसाने अचानक केलेले कष्ट हृदयाला धोक्याचे असतात, सवय असलेल्याला तेच कष्ट सोसतात. चढताना एक साधी कसोटी वापरावी. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले तर गती बरोबर आहे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर गिअर हलका करा, तरीही लागला तर उतरा. बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांची नाडी मुद्दाम मंद ठेवलेली असते, त्यांनी घड्याळातल्या ठोक्यांपेक्षा या कसोटीवर विसंबावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात दुखणे जाणवले तर तिथेच थांबून मदत मागवावी, माथा कितीही जवळ असला तरी. विजेवर चालणारी सायकल घेण्यातही काही वावगे नाही. ब्रिटनमधल्या कायद्यानुसार तिची मोटर २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला साथ सोडते. पाय चालवावेच लागतात, फक्त चढाचा हप्ता मोटर वाटून घेते.

एवढी काळजी माणूस स्वतः घेऊ शकतो. त्यापुढचे काम त्याच्या हातात नाही. एकपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा उतरवणे, भाड्याने गाडी देताना वाट देण्याची रीत समजावून सांगणे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर ग्लेन ओगलसारख्या आणखी वाटा उघडणे, ही कामे सरकारची आणि स्थानिक परिषदांची. ती वाहतूक खात्याच्या फायलीत पडून राहतात, कारण त्यांच्याकडे आरोग्याचा खर्च म्हणून कोणी पाहत नाही. हृदयरोगाची जोखीम एवढी कमी करणारी गोळी निघाली असती, तर ती लोकांपर्यंत पोहोचवायला सरकारांनी पैसा कमी पडू दिला नसता. सायकल ही तशी गोळी असेल, तर तिचा दुष्परिणाम कमी करणे हाही उपचाराचाच भाग आहे. डोंगर आहे तिथेच राहणार आहे, आणि तो तिथे आहे हे चांगलेच आहे. वेगाची पाटी मात्र एका सकाळी जाऊन बदलता येते.